ग्रुप ऑफिसचा, फोन कोणाचा?

कामाची वेळ संपल्यावर साहेबाच्या फोनला, मेलला, मेसेजला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, असं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत मांडलं होतं. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. 1970 नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे याचंही काय होईल ते दिसतंच आहे. पण वाद मात्र दोन्ही वेळेला जोरदार झाला. एका बाजूचं म्हणणं, ऑफिसच्या कामात व्हॉट्सॲप हवंच कशाला, मेल वापरा, जरा प्रोफेशनल व्हा. दुसरी बाजू नारायण मूर्तींचे आठवड्याचे 70 तास घेऊन उभी. मी जर्मनीत नोकरी करते, म्हणून मध्येच कोणीतरी मला ओढतं: तुमच्या जर्मनीत कसा कायदा आहे, सांग ना यांना.

सांगते. जर्मनीत असा कायदाच नाही.

फ्रान्समध्ये आहे, 2017 पासून. 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी याबद्दल कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलणी करायची, असं तो सांगतो. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून आहे. जर्मनीत कामाच्या तासांचा जुना कायदा आहे आणि त्यात दोन पाळ्यांमध्ये सलग 11 तास विश्रांती सांगितली आहे, एवढंच. बाकीचं जे भारतात ‘जर्मनीचा नियम’ म्हणून फिरतं, ते कंपन्यांमधले करार आहेत. फोक्सवॅगनने 2011 मध्ये पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने ब्लॅकबेरी फोनांवर मेल पोचवणं बंद केलं. 2014 मध्ये मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरने सुट्टीवर गेलेल्या माणसाला आलेली मेल चक्क आपोआप पुसून टाकायची सोय दिली. पाठवणाऱ्याला उत्तर जातं की मेल पुसली आहे, तातडीचं असेल तर अमुक व्यक्तीला गाठा. फोक्सवॅगनची सोय वरिष्ठ व्यवस्थापकांना लागू नव्हती, हे मात्र ती बातमी पुढे ढकलताना गळून जातं.

हे करार कुठून येतात, तर ‘बेट्रीब्सराट’मधून. कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली ही समिती, जिथे पाच कायम कर्मचारी आहेत तिथेही स्थापन करता येते. आणि ज्या यंत्रणेतून कर्मचाऱ्याच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवता येईल, ती यंत्रणा तिच्या संमतीशिवाय आणता येत नाही. स्टुटगार्टजवळच्या आमच्या कारखान्यात मायक्रोसॉफ्ट टीम्स हे ऑफिसच्या चॅटचं ॲप आलं, तेव्हा चर्चा नव्या बटणांची झालीच नाही. नावापुढचा हिरवा ठिपका पाहून कोण जागेवर आहे आणि कोण नाही, याचा हिशेब साहेबाने ठेवायचा का, यावर महिनोन् महिने खल झाला. ठेवायचा नाही असं ठरलं, तेव्हा टीम्स सुरू झालं.

इथे व्हॉट्सॲप कामासाठी न वापरण्याचं कारणही सभ्यता वगैरे नाही. हे ॲप फोनमधली सगळी नंबरांची यादी स्वतःकडे खेचतं, आणि ज्यांचे नंबर आहेत त्यांना कोणी विचारलेलं नसतं. युरोपचा डेटा संरक्षणाचा कायदा मे 2018 मध्ये लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात टायरवाल्या कॉन्टिनेंटलने कंपनीच्या फोनांवर व्हॉट्सॲप बंद केलं. हे फोन होते 36 हजारांच्या आसपास. यातले ‘कंपनीच्या फोनांवर’ हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. बंदी घालायला आधी कंपनीचा फोन असावा लागतो.

आता चाकण. आमचे सुटे भाग तिथेही बनतात, आणि तिथला सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. ‘बी शिफ्ट प्रॉडक्शन’ ग्रुपवर मशीन बंद पडल्याचा फोटो, त्याखाली ‘नोटेड सर’, त्याखाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मग कूलंट गळतंय त्याचा व्हिडिओ, मग संकष्टीच्या शुभेच्छा, मग पुन्हा ‘नोटेड सर’. जर्मनीतल्या माझ्या सहकाऱ्यांना हे पाहून घेरी येईल. पण एक गोष्ट त्यांना दिसणार नाही, आणि पुण्याच्या ‘मेल वापरा’ पंथालाही ती दिसत नाही. आपल्याकडे मेल म्हणजे इंग्रजी. मशीनवर उभा असलेला ऑपरेटर आयटीआय करून आलेला, स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय हे ओळखणारा माणूस. त्याला ‘डिअर सर, धिस इज टू इन्फॉर्म यू’ लिहायला बसवा, तो लिहिणारच नाही. बेअरिंग तुटेपर्यंत गप्प बसेल. तोच माणूस व्हॉइस नोटमध्ये चाळीस सेकंदांत अस्सल मराठीत सगळं सांगतो, मागे मशीनचा आवाजही ऐकवतो. तक्रार सरळ प्लांट हेडच्या कानावर जाते, मधले तीन जण वाट अडवायला नसतात. मेलच्या शिस्तीत हे कधी झालं नसतं.

आणि मेलची शिस्त म्हणजे तरी काय? इथे जर्मनीत एका साध्या प्रश्नाला चौदा जण ‘सीसी’मध्ये असतात. त्यातले तेरा फक्त पुरावा म्हणून ठेवलेले, चौदावा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर. टीम्सवरही चॅनलांचं रान माजलंय, आणि ‘ते कुठे लिहिलं होतं’ हे शोधण्यात सकाळ जाते. शिस्तीचं फार कौतुक मला सांगू नका.

तर मग ग्रुपमध्ये अडकलेल्यांची कुरकुर खोटी का? अजिबात नाही. रात्री साडेदहाला ‘उद्याचा प्लॅन?’ असा मेसेज येतो आणि दोन निळ्या टिका उमटल्या की सुटका नाही. आपल्याकडे त्या टिकांना न्यायालयातही वजन आलेलं आहे. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस पोचली असं धरलं, कारण संदेश पोचला होता आणि पीडीएफ उघडलेलीही दिसत होती. क्रेडिट कार्डाचा थकबाकीदार दडून बसला असेल तर ठीकच आहे. पण तोच तर्क सुपरवायझर आपल्या माणसावर चालवतो: तू पाहिलंस, मग उत्तर का नाही? नोकरी टिकवायची असलेला माणूस यावर काय बोलणार? लोक टिका बंद करून ठेवतात, मग ‘टिका का बंद केल्यास’ असंही विचारलं जातं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी स्टुटगार्टात आम्ही सहसा बोलत नाही. उन्हाळ्यात भारत आमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. आम्ही दुपारी चारची मीटिंग लावतो, तेव्हा हिवाळ्यात चाकणमध्ये साडेआठ वाजलेले असतात आणि पुण्याला परतायला नाशिक रस्त्याचा ट्रॅफिक पुढे असतो. माझा पाच वाजताचा लॅपटॉप बंद होतो तो समितीच्या करारामुळे, हे खरं. पण उरलेलं काम तिथे कोणीतरी रात्री निस्तरतं म्हणूनही. आमची समिती माझे तास मोजते, त्याचे मोजत नाही. मोजायचा अधिकारही तिला नाही. तेव्हा जर्मनीत कसं छान वेळेवर घरी जातात, हे मी चाकणच्या माणसाला कोणत्या तोंडाने ऐकवू?

म्हणून व्हॉट्सॲप की मेल, यात मला रस उरलेला नाही. फोन आणि नंबर कोणाचा, हा माझा प्रश्न आहे. चाकणच्या ग्रुपवरचा प्रत्येक नंबर कर्मचाऱ्याचा खासगी आहे. हँडसेट त्याचा, रिचार्ज त्याचा. त्याच फोनवर आईचा रिपोर्ट, मुलीच्या शाळेचा ग्रुप आणि प्लांट हेड. फोन बाजूला ठेवायचा म्हटलं तर सगळंच बंद. कंपनीलाही यात तोटाच आहे, फक्त तो उशिरा कळतो. पंधरा वर्षं टूल रूम सांभाळणारा माणूस नोकरी सोडतो, ग्रुपवर ‘लेफ्ट’ अशी एक ओळ येते, आणि त्याने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं सगळं कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये विखरून राहतं.

नुसता फोन देऊन भागत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. 2021 मध्ये अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट, वारंवार बिघडणारे, आणि ज्या ॲपमध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत. साधन द्यायचं तर चालणारं, आणि वापरणाऱ्याच्या भाषेत. त्या बायकांनी ऑफिसांतल्या आपल्यासारख्यांपेक्षा मुद्दा नेमका पकडला होता. आपण रात्रीच्या मेसेजवर चरफडतो आणि स्वतःच्याच फोनवर अंगठा पाठवतो.

सुळे यांच्या विधेयकावर वाद घालणाऱ्यांनी त्यात एवढं कलम मागावं: ज्या साधनावर मालकाला उत्तर हवं, ते साधन आणि त्याचा खर्च मालकाचा. वेळेची मर्यादा पाळली गेली की नाही हे तपासायला निरीक्षक लागेल आणि तो कुठून आणणार? सिम कोणाच्या नावावर आहे हे मात्र बिलावरच दिसतं.

चाकणच्या आमच्या लोकांनी कायद्याची वाट न पाहता अर्धं काम केलंय. मेंटेनन्सच्या प्रत्येक लाइनला कंपनीचा एक फोन आहे, ग्रुप त्यावर. पाळी बदलताना रजिस्टरवर सही होते तसाच फोनही पुढच्याच्या हातात जातो, आणि आधीचा माणूस मोकळा घरी जातो. व्हॉइस नोट मराठीतच, केकचे फोटो मात्र कमी झालेत. मॅनेजरांचा ग्रुप अजून खासगी नंबरांवरच आहे. रविवारी त्यावर मेसेज येतात, आणि त्यातले काही, खरं सांगायचं तर, स्टुटगार्टहून आलेल्या मेलचे स्क्रीनशॉट असतात.