घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

'घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे' हे स्लीप ॲप्नियावरच्या, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारावरच्या, तुमच्या लेखातलं वाक्य आमच्या रावेर तालुक्यात भिंतीभिंतीवर रंगवायला हवं. माझे वडील केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. स्टिअरिंगवर डुलक्या यायला लागल्या. गावातल्या एका डॉक्टरांनी चक्क झोपेची गोळी दिली. तिने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, हे नंतर कळलं. शेवटी जळगावला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, केली. डोक्याला-छातीला वायरी, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. आई म्हणाली, "बैलाला झूल घातल्यासारखं दिसतंय." रिपोर्ट आला: तासाला ४२ वेळा श्वास अडतो, दर वेळी निदान १० सेकंद. ३० च्या वर गेलं की तीव्र स्लीप ॲप्निया. आई रात्री त्यांना हलवून जागं करायची, ते उगाच नव्हतं.

लेखात एक गोष्ट राहिली. उपचाराच्या सीपॅप मशीनला (ते मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवतं) रात्रभर वीज लागते, आणि मे महिन्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आम्ही इन्व्हर्टर घेतला. मशीनचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, बंद ठेवला की बॅटरी बरीच जास्त टिकते. मास्कची सवय व्हायला मात्र महिना गेला. पहिल्या आठवड्यात रोज पहाटे तो उशीखाली सापडायचा.