नुसत्या विश्रांतीने हा थकवा जात नाही

‘केमोनंतर थकवा आला तर रुग्णाने जास्तीत जास्त विश्रांती घ्यावी’ हे कर्करोगाच्या रुग्णांना येणाऱ्या थकव्यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आमच्या आईने नेमकं तेच केलं. शेवटच्या केमोनंतर दोन महिने ती पडूनच होती. दुपारी तीन तास झोपूनही अंगात त्राण नसे. हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं ठीक, त्यामुळे ‘होईल हळूहळू’ एवढंच ऐकायला मिळायचं. मग एका फिजिओथेरपिस्टताईंनी तिला चालायला लावलं. आधी गॅलरीत पाच मिनिटं, मग सोसायटीला एक फेरी, दिवाळीपर्यंत कमला नेहरू पार्कात अर्धा तास. थकवा पूर्ण गेला नाही, पण ती पुन्हा स्वतःच्या हाताने पोळ्या लाटू लागली, आणि तो दिवस मी विसरणार नाही.

२०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या कर्करोगावरच्या वैद्यकीय नियतकालिकात ११३ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं, साडेअकरा हजारांवर रुग्णांचं. या थकव्यावर व्यायाम आणि मानसोपचार औषधांपेक्षा सरस ठरले. लेखात त्याचा उल्लेख हवाच होता. व्यायाम अर्थात डॉक्टरांना विचारूनच, विशेषतः आजार हाडांत पसरला असेल तर. पण पहिल्या केमोच्या दिवशी आहाराच्या कागदासोबत हेही कोणी सांगितलं असतं, तर आईचे ते दोन महिने असे गेले नसते.