पुन्हा तोच एक्झॉस्टचा स्टड!

गोव्यात गाडीचा एक्झॉस्ट उघडायचा म्हटलं की माझं डोकं आधीच तापतं. इथली खारी हवा, त्यात जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, आणि वर इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डची धग. रोज तापायचं, रोज निवायचं, रोज दमटायचं. स्टडवरचा, म्हणजे इंजिनात बसवलेल्या बिनडोक्याच्या बोल्टवरचा, नट गंजून असा खंगतो की पाना नुसता गरगर फिरतो.

पण संताप गंजाचा नाही, घाईचा आहे. किनाऱ्याकडची, कळंगुट-बागाची गाडी येते तीच मुळी कुणीतरी पान्याला लांब पाइप लावून जोर काढलेली, आणि स्टड हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, तोंडाशी कचकन मोडलेला! अहो, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा ना! सकाळी तेल पुसून आच द्या, तीही फक्त नटाला, आणि जरा पुढे, जरा मागे असं खेळवत सोडवा. मोडलाच, तर टोकावर नवा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग मारा. त्या उष्णतेनेच बरीच पकड सुटते. ते सोडून लोक ईझी-आउट, म्हणजे मोडका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार, ठोकतात. तो कडक पोलादाचा, आत मोडला की साधं ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही. मग ॲल्युमिनियमचं अख्खं हेड उतरवा आणि भुर्दंड बिचाऱ्या गिऱ्हाइकाला!

आणि नवा स्टड बसवताना आट्यांना बोटभर तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण, लावायला काय जातं हो? परवा म्हापशात एक हेड बघितलं, सगळी भोकं कोरडी ठणठणीत.