पीटर ग्रेस्टे 'निर्दोष सुटला' हा मेसेज चुकीचा आहे
अल जझीरा या कतारच्या वृत्तवाहिनीचा ऑस्ट्रेलियन पत्रकार पीटर ग्रेस्टे इजिप्तच्या कोर्टातून निर्दोष सुटला असा मेसेज फिरतोय, मीही परवा तो पुढे पाठवला, माफ करा. डिसेंबर २०१३ मध्ये त्याला कैरोतल्या हॉटेलातून उचललं, ४०० दिवस आत ठेवलं आणि १ फेब्रुवारी २०१५ ला विमानात बसवून देशाबाहेर काढलं, म्हणजे सुटका झाली पण निर्दोष ठरवलं नाही. उलट ऑगस्टमध्ये फेरखटल्यात त्याच्या गैरहजेरीत ३ वर्षांची शिक्षा सुनावली, हे तेव्हाच्या बातम्यांत स्पष्ट आहे. सप्टेंबरमध्ये माफी मिळाली ती मोहम्मद फहमी आणि बहेर मोहम्मद या त्याच्या सहकारी पत्रकारांना. नुसती बातमीदारी केली म्हणून दहशतवादाचा ठपका, आणि इजिप्तशी प्रत्यार्पण करार असलेल्या देशात जाताना पुन्हा अटकेची धास्ती, किती वाईट आहे हे. तो मेसेज प्लीज डिलीट करा, पुढे पाठवू नका.