आडनाव आय-सेव्हन, जन्म २०११ चा

मराठी घरात गेमिंगचा कॉम्प्युटर कधी येत नाही. येतो तो अभ्यासाचाच. बजेटच्या बैठकीत ‘कोडिंग’, ‘प्रोजेक्ट’ आणि ‘ऑनलाइन क्लास’ हे तीन शब्द आलटूनपालटून फिरतात. वडील चष्मा कपाळावर सरकवून ‘चाळीस हजारांवर एक रुपया नाही’ असं जाहीर करतात, आणि त्यात मॉनिटर धरलाय का हे विचारायची कोणाची छाती होत नाही. (धरलेला असतो. यूपीएससुद्धा धरलेला असतो.) त्या चाळिसातून प्रोसेसरच्या वाट्याला येतात फार तर आठ-दहा हजार, आणि एवढ्या पैशात माणसाचा जितका गोंधळ उडू शकतो तितका सगळा तिथे उडतो.

लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर तालुक्याच्या गावात झेरॉक्सशेजारच्या गाळ्यात, काउंटरवरून एक वाक्य हमखास येतं: ‘दादा, आय-सेव्हन आहे, घेऊन जा. सोळा जीबी, एसएसडी, सगळं आलं त्यात.’ तिनापेक्षा सात मोठे हे आपण पहिलीत शिकलेलो असल्यामुळे आपण तिथेच विरघळतो. पण आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेलच्या प्रोसेसरांची नुसती आडनावं. आडनाव देशमुख आहे म्हणून वाड्याचं छप्पर शाबूत असेलच असं नाही. विचारायचं ते जन्मसाल, आणि ते पुढच्या आकड्यात असतं. आय-७ २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, साल २०११. आय-३ १२१००एफ मधले १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२. कोअर (आतले स्वतंत्र कामकरी) दोघांनाही चारच, थ्रेड (एकाच वेळी हाताळायची कामं) आठच. पण एका कोअरच्या कामात धाकटा आय-थ्री त्या थोरल्या आय-सेव्हनच्या जवळजवळ दुप्पट वेगाने धावतो. शिवाय त्या थोरल्याला विंडोज ११ अधिकृतपणे दारात उभं करत नाही, कारण इंटेलची आठवी पिढी तरी लागते, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एव्हीएक्स-२ नावाच्या, प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना २०१३ च्या पिढीपासून आल्या. त्या २६०० मध्ये नाहीत आणि काही नवे गेम त्यांच्यावाचून सुरूच होत नाहीत. तेव्हा ‘आय-सेव्हन आहे’ म्हटलं की एकच प्रश्न: ‘कितवा?’ काउंटरवरची शांतता ऐकण्यासारखी असते.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचं नातं समजून घ्यायला मात्र दुकानात नको, स्वयंपाकघरात जावं. प्रोसेसर पोळ्या लाटतो, ग्राफिक्स कार्ड भाजतं आणि मॉनिटर पानावर बसलेला असतो. शत्रू कुठून आला, गोळी कोणाला लागली, भिंत पडली की उभी आहे, हा हिशेब म्हणजे लाटणं. त्याचं रंगीत चित्र, म्हणजे एक फ्रेम, काढणं म्हणजे भाजणं. लाटणारा मंद असला की तवा नुसताच धुरावत बसतो: महागडं कार्ड साठ टक्के कामावर घुटमळतं आणि मालक कार्डाला शिव्या घालतो. उलट तवा लहान असला, तर लाटणाऱ्याने कितीही जोर लावला तरी पानात पोळी वेळेवर पडत नाही. आणि जेवणारा साठ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच खातो. तुम्ही दीडशे लाटल्या तर कौतुक आहे, पण तो पाहुणा काही हात पुढे करत नाही. १०८० पी सोडून १४४० पी ला, म्हणजे अधिक बारकाव्याच्या चित्राला, गेलं की भाजायला वेळ लागतो, लाटायचं काम तेवढंच राहतं. म्हणूनच १०८० पी वर, त्यातही व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ असल्या गेमांत, लाटणाऱ्याचं पितळ लवकर उघडं पडतं.

याच ओट्यावर एल-३ कॅश भेटते. कॅश म्हणजे पोळपाटाशेजारी करून ठेवलेले कणकेचे गोळे. रॅम म्हणजे पलीकडच्या फडताळात ठेवलेली परात. हाताशी गोळा नसला की लाटणं ठेवून उठावं लागतं. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरकडे ३२ एमबी कॅश आहे, रायझन ५ ५५०० कडे १६. नावात फक्त शंभराचा फरक, दोघेही सहा कोअरचे, दोघेही एप्रिल २०२२ चे. म्हणून लोक ५५०० ला ‘तोच तो’ समजून उचलतात. तो आतून ५६००जी चा, म्हणजे पोटात ग्राफिक्स असलेल्या रायझनचा, भाऊ आहे, फक्त ५५०० चं ग्राफिक्स बंद केलेलं. त्याला पीसीआय-एक्स्प्रेस, म्हणजे ग्राफिक्स कार्डापर्यंतचा रस्ता, हाही तिसऱ्या पिढीचा मिळतो. त्याच्या जोडीला आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त ग्राफिक्स कार्ड लावलं, की त्या कार्डाच्या मुळात चारच लेन असल्याने वाट आणखी अरुंद होते. स्वस्तात स्वस्त जोडून महागात कसं पडतं याचा हा नमुना.

आता निवड. माझं मत विचाराल तर नवा घेताना सहा कोअर: रायझन ५ ५६०० किंवा आय-५ १२४००एफ, त्या दिवशी मदरबोर्डासकट जो स्वस्त पडेल तो. मदरबोर्डासकट हा शब्द महत्त्वाचा. प्रोसेसरवर सातशे वाचवून बोर्डावर दोन हजार घालवणारे महाभाग कमी नाहीत. चार कोअरचा १२१००एफ वाईट नाही, त्याची सेकंदाला फ्रेमची सरासरीही देखणी दिसते. पण एसटीसुद्धा सरासरीने महाबळेश्वरला वेळेवर पोचते. पसरणीच्या घाटात ज्याच्या पोटात ढवळलं त्याला सरासरी सांगून काय उपयोग? गेममध्ये तो घाट म्हणजे ‘वन पर्सेंट लो’, सर्वात संथ एक टक्का फ्रेमचा आकडा. नव्या, मोठ्या गेमांत चार कोअर तिथेच आचके देतात.

नावाच्या शेवटचं अक्षर वाचायला विसरू नका. इंटेलचा ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर पडदा काळाच. रायझनचा ‘जी’ म्हणजे ग्राफिक्स आत आहे. कार्डाचे पैसे पुढच्या दिवाळीत मिळणार असतील तर ५६००जी घेऊन दिवस काढता येतात, पण रॅम आठ-आठच्या दोन काड्या हव्यात. सोळाची एकच लावली तर आतल्या ग्राफिक्सला अर्धा रस्ता बंद.

खोकं घरी आल्यावर खरी परीक्षा. रायझन ५६०० च्या पोटाखाली १३३१ सोनेरी पिना असतात, केसाएवढ्या. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, बाजूची दांडी उभी करायची आणि प्रोसेसर ठेवायचा. ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपल्या वजनानेच बसतो. बसत नसेल तर चूक आपली आहे. (इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात आणि दांडी लावताना कुरकुर आवाज येतो; काळजाचा ठोका चुकतो, पण तो आवाज बरोबर आहे.) पुढेमागे रायझनवरचा पंखा काढायचा झाला तर आधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं चालवून पंखा आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट गरम करा, बंद करा, मग पंखा डावी-उजवीकडे पिळत सोडवा. सरळ उपटलात तर प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून दातासारखा उपटून येतो, पिना वाकवून.

रायझनचा मदरबोर्ड बी-४५० जातीचा, जुन्या साठ्यातला असेल तर ५६०० त्याला ओळखेलच असं नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडद्यावर काही नाही. खोक्यावर ‘रायझन ५००० रेडी’ चा स्टिकर पाहा, नाहीतर दुकानातच बायोस (बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्रॅम) अपडेट करून मागा. इंटेलच्या एच-६१० बोर्डाच्या बाबतीत वेगळा घोटाळा: काही डीडीआर-४ घेतात, काही डीडीआर-५, आणि खाच वेगळी असल्याने चुकीची रॅम बसतच नाही. जोर लावणाऱ्याची मात्र कमतरता नसते. आणि कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळालेला पाचशे वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) हातात घेऊन बघा. वाटाण्याच्या शेंगेइतका हलका लागला तर तो कॅबिनेटमध्येच सोडून द्या, ग्राफिक्स कार्डाला जोडू नका.

सगळं जोडून बटण दाबलं आणि काळा पडदा दिसला की घरातले ‘सांगत होतो’ म्हणायला सरसावतात. त्याआधी मागे वाकून बघा: मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये गेलेली असते. ती खाली, ग्राफिक्स कार्डात हवी. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर निवांत चालते. दोनच काड्या असतील तर चार खाचांच्या बोर्डावर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडा. न सांगितल्यास ते बऱ्याचदा साठवरच बसून राहतं.

इतकं झालं की गेम उतरवायचा. मोठे गेम हल्ली शंभर जीबीच्या घरात असतात, आणि घरात इंटरनेट म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटचे रोजचे दोन जीबी. म्हणजे पन्नास दिवस. तोवर अभ्यासच.