पोरं सुधारली नाहीयेत, त्यांना नाचायला जागाच ठेवली नाही आपण

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. भजन क्लबिंगचा व्हिडिओ, म्हणजे मोठा हॉल, रंगीत लाइट, गिटार, ढोलक आणि वीस-पंचवीस वयाची पोरं हात वर करून गातायत. खाली मजकूर असा की बघा, नवी पिढी पब सोडून देवाकडे वळली, नाइट क्लब ओस पडले, शेवटी संस्कार जिंकले. त्याखाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

भजनाला माझा विरोध नाही. माझ्या आईचं भजनी मंडळ आहे, लहानपणी मी तिच्या शेजारी टाळ घेऊन बसलेय. त्या व्हिडिओतली पोरं मनापासून गात होती आणि मला ते बघून बरंच वाटलं. राग आलाय तो खालच्या मजकुराचा. संस्कार जिंकले म्हणे. कोणाशी लढाई चालू होती? आणि तरुण पोरांची नाचायची जागा ओस पडली यात आनंद वाटण्यासारखं काय आहे हे मला कोणीतरी समजावून सांगा.

पोरं क्लबला कमी जातात हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. माझी भाची पुण्यात विमाननगरला पीजीत राहते, आयटीत आहे, तेवीस वर्षांची. दुपारी तिला फोन करून विचारलं, काय गं, तुम्ही जाता की नाही नाचायला? ती म्हणाली, मावशी, कोण जातं गं आता. का नाही जात विचारल्यावर तिनं जे सांगितलं त्यात देव कुठेही नव्हता. पीजीचं गेट साडेदहाला बंद होतं. मेट्रो त्याच सुमाराला झोपते. रात्री एक वाजता कॅब मिळाली तर ती वाटेल ते भाडं दाखवते. शनिवारी कपल एंट्रीचं कव्हर, म्हणजे नुसतं आत जायचे पैसे, दोन-तीन हजार, मुलगा सोबत नसेल तर दारावर नखरे, सोबतचे मित्र जास्त असतील तर मुलामुलींचा रेशो बिघडला म्हणून त्यांना बाहेर उभं करतात. एवढं करून आत गेलं तर डान्स फ्लोअर नाहीच, सगळी जागा टेबलांनी भरलेली, कारण टेबलावर बाटली घेणाऱ्याकडूनच पैसा सुटतो. आणि मग शेवटी ती म्हणाली, आणि मावशी, सगळे शूट करतात गं. आपण नाचलो तर उद्या कुठल्या पेजवर असू सांगता येत नाही.

हे ऐकल्यापासून मला माझी एक रात्र आठवतेय.

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. मी बावीस वर्षांची, मालाडला कॉल सेंटरमध्ये, अमेरिकेची शिफ्ट. आम्ही लोअर परळला चाळीत राहायचो. बाबा गिरणी कामगार, साचाखात्यात, म्हणजे मागावर. १९८२ च्या संपानंतर आमच्या घराचं काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांना सांगायची गरज नाही, तुमच्याही घरी तेच झालंय. तर घरापासून चालत दहा मिनिटांवर फिनिक्स मिलच्या आवारात क्लब निघाला होता. आम्ही चाळीतल्या पोरी बाहेरच्या गाड्या बघायचो आणि घरी यायचो, बस. एकदा टीमचं टार्गेट झालं, बुधवार होता, लेडीज नाइट, मुलींना एंट्री फ्री, आणि टीममधल्या मुली म्हणाल्या चल. मी गेले. घरी काय सांगितलं ते सोडा.

आत काय होतं म्हणाल तर अंधार, धूर आणि छातीत वाजणारा बेस. मी लिंबू सोडा घेतला होता. पण मला जे लागलं ते वेगळंच होतं, माझ्या शेजारी नाचणाऱ्या एकाही माणसाला मी कोण हे माहीत नव्हतं. चाळीत सकाळी काय घातलं ते संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्याला माहीत असायचं, गणपतीत मिरवणुकीत नाचले तर काकू आईला येऊन सांगायच्या, तुमची पोरगी जरा जास्तच नाचली हो. आणि इथे मी घामाघूम होईपर्यंत नाचतेय आणि कोणाला काही पडलेलं नाही. नंतर वॉशरूममध्ये गेले तर तिथे टिश्यू घेऊन बसलेली बाई ओळखीची निघाली! करी रोडची, आमच्या मागच्या चाळीतली. माझे हातपाय गार पडले. तिनं माझ्याकडे बघितलं, ओढणी सुटली होती ती पिन लावून दिली आणि म्हणाली, जा, नाच. मी काय बघितलं नाय.

हे वाक्य मी विसरूच शकत नाही. मी काय बघितलं नाय. आज माझ्या भाचीला हे म्हणणारं कोण आहे? तिच्या मैत्रिणीचा नाचतानाचा व्हिडिओ कोणीतरी कुठल्यातरी पेजवर टाकला, खाली शेकडो पुरुषांनी घाण कमेंट केल्या, तो फिरत फिरत तिच्या गावी तिच्या काकांच्या फोनवर पोचला आणि वडिलांनी नोकरी सोडून घरी ये म्हणून तगादा लावला. मुलगी नाचत होती फक्त. दर ३१ डिसेंबरला चॅनलवाले पबच्या बाहेर कॅमेरे घेऊन उभे असतात आणि बाहेर पडणाऱ्या पोरींचे चेहरे दाखवतात, आपणच घरी बसून बघतो ना ते? मग ती पोरं हॉलमध्ये सात वाजता भजनाला गेली तर त्यांना देव सापडलाय असं कशावरून म्हणता? तिथे त्यांना सगळ्यांसोबत हात वर करून ओरडता येतं, बदनामी होत नाही आणि साडेदहाच्या आत पीजीत पोचता येतं. मी त्यांच्या जागी असते तर मीपण गेले असते.

आता लगेच म्हणाल, ड्रग्ज. म्हणाल, पुण्याची पोर्शे. बरोबर आहे, मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या पोरानं पबमधून निघून दोन तरुण इंजिनियर चिरडले, त्याची चीड मलाही आहे. पण त्यानंतर काय झालं ते पण बघा ना. अल्पवयीन मुलाला दारू कोणी दिली, गाडीची चावी कोणी दिली, रक्ताचे नमुने कोणी बदलले, हे प्रश्न श्रीमंतांचे आणि यंत्रणेचे होते, आणि बुलडोझर फिरले ते पबवर. शिक्षा सगळ्या शहराच्या तरुण पोरांना. हे आपल्याकडे नेहमीचं आहे. २०१२ आठवा, एसीपी वसंत ढोबळे मुंबईत छापे मारत सुटले होते, हॉकी स्टिकवाले म्हणून गाजले, आणि आपल्यातलेच कितीतरी जण टाळ्या वाजवत होते. आठवतंय का कोणाला, की छाप्यात सापडलेल्या बायकांना वेश्या ठरवून टाकलं होतं आणि नंतर त्या आम्ही तशा नाही म्हणून कोर्टात गेल्या होत्या? मला तेव्हा ती बातमी वाचून रडू आलं होतं, कारण मी त्यांच्या जागी असू शकले असते. त्या बुधवारी पोलीस आले असते तर? बाबांना काय सांगितलं असतं मी?

आणि आगी. हे लिहिताना हात थरथरतो माझा. कमला मिल, २९ डिसेंबर २०१७, चौदा माणसं गेली, आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफड्याच्या क्लबला आग, २५ माणसं, आणि त्यातली बहुतेक तिथे काम करणारी, पोटासाठी झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळहून आलेली पोरं. तेव्हाही या सोसायटीवाल्यांचं पहिलं वाक्य काय, जायचंच कशाला अशा ठिकाणी. अरे, ती पोरं कामाला गेली होती! मला वॉशरूममध्ये पिन लावून देणारी बाई पण कामालाच होती. तळघरात, धुरात, दार सापडत नाही म्हणून माणसं मरतात आणि तुम्हाला त्यात नाचणाऱ्यांची चूक दिसते, लायसन्स देणाऱ्याची आणि तपासणी न करणाऱ्याची दिसत नाही.

जरा पाणी पिऊन आले.

पैशाचं बोलते. कोविडनं बरंच मारलं, मान्य. पण आता जे चाललंय ते कोविडचं नाही. परमिट रूमवरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला, लायसन्स फी वाढली, एक्साइज ड्युटी वाढली, जुलै २०२५ मध्ये बारवाल्यांनी त्यासाठी एक दिवस बंद पाळला. लोअर परळ-बांद्र्याची भाडी सगळ्यांना माहीत आहेत. मथुरादास मिलच्या आवारातलं ब्लू फ्रॉग, जिथे रोज नवा बँड ऐकायला मिळायचा, ते २००७ ला सुरू झालं आणि २०१६ ला बंद. म्हणजे उरलं काय, तर ज्यांना टेबलाचं मिनिमम परवडतं त्यांच्या जागा. माझी भाची चांगला पगार घेते, तरी त्यातून पीजी, ईएमआय, घरी पाठवायचे पैसे वजा जाता एका रात्रीचे चार-पाच हजार तिला जड जातात आणि ते बरोबरच आहे. तेव्हाही दारावर बूट बघायचे, आमच्या टीमच्या मुलांना स्टॅग, म्हणजे सोबत मुलगी नसलेले, म्हणून आत सोडलं नव्हतं, ते काही समतेचं राज्य नव्हतं. पण चाळीतली एक पोरगी बुधवारी फुकट आत जाऊ शकत होती.

काही जण म्हणतील, पोरं नाचतात की, कॉन्सर्टला जातात. जातात ना. जानेवारी २०२५ ला कोल्डप्लेसाठी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियम भरलं, त्याआधी दिलजितला कोथरूडमध्ये केवढी गर्दी, आणि तिथेही दारूची परवानगी ऐनवेळी काढून घेतली, कारण कोथरूडच्या संस्कृतीला बाधा येते! मला कॉन्सर्ट आवडतात. पण तिथे सगळ्यांची तोंडं स्टेजकडे असतात आणि हातात फोन. वर्षातून एकदा होतं ते. हाउस पार्टीत तर आपलेच मित्र. सकाळी कॅफेत कॉफी पिऊन नाचतात ते पण बघितलं, गोड वाटलं खरं सांगायचं तर, दारूशिवाय नाचतात याचं कौतुकच आहे, मी स्वतः लिंबू सोड्यावर नाचलेय. फक्त तिथेही दर दुसरा माणूस रील करतोय. शहरातली अनोळखी माणसं, कोणी शेअर बाजारातला, कोणी सलूनमधला, कोणी एअर होस्टेस, एकमेकांशेजारी अंधारात नाचतायत आणि सकाळी कोणाला कोणाचं काही आठवत नाही, हे आता कुठे होतं ते दाखवा मला.

आणि रात्रीचं एवढं वावडं कधीपासून आलं आपल्याला? माझी आई कुडाळची, ती दशावतार बघत पहाटेपर्यंत बसायची, मांडीवर लहान भाऊ. तमाशाचे फड रात्रभर चालायचे. गिरणगावात तिसरी पाळी होती, मध्यरात्री भोंगा व्हायचा, रस्त्यावर हजारो माणसं असायची, चहाची दुकानं उघडी असायची. ही रात्रीची मुंबई आपल्या बापांनी चालवली. २०२० मध्ये दुकानं, हॉटेलं २४ तास उघडी ठेवायचं मोठं जाहीर झालं, बार-पबला मात्र दीडची वेळ तशीच, आणि रात्रभर लोकल तर कोणी मनावर घेतच नाही. दीडला क्लब बंद, तोवर शेवटची बोरिवली निघून गेलेली, पहिली गाडी चारनंतर. मधले तीन तास पोरीनं कुठे उभं राहायचं?

मी त्या रात्री घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते. मी चालत आले, आणि मला भीती वाटली नाही कारण रस्ता माझा होता. बाबा गॅलरीत बसले होते. मी खोटं बोलायची तयारी करून आले होते, पण माझ्या कपड्यांना सिगरेटचा वास होता आणि कान बंद झाले होते, त्यामुळे मी जोरात बोलत होते. बाबांनी एवढंच विचारलं, गिरणीतली चिमणी दिसते का गं अजून? मी म्हटलं, दिसते. मग म्हणाले, झोप आता, पाळी संपली. आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही. आयुष्यभर रात्री दोनला, तीनला घरी येणारा माणूस होता तो, रात्रीचं बाहेर असणं म्हणजे वाया जाणं असं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. आज बाबा नाहीत. हे लिहिताना पहिल्यांदा जाणवतंय की त्या वॉशरूममधल्या बाईनं आणि बाबांनी एकाच रात्री मला तेच दिलं.

त्यामुळे सोसायटीतल्या काका-काकूंनो, यातले बरेच जण माझ्या लिस्टमध्ये आहेत, वाचताय हे माहीत आहे मला. तुमची पोरं घरात बसून फोन बघतायत, एकटी आहेत, रविवारी दुपारी बारापर्यंत पडून असतात, त्यांना माणसांची भीती वाटायला लागलीय हे तुम्हीच लिफ्टमध्ये मला सांगता. आणि तीच पोरं बाहेर पडून नाचत नाहीत म्हणून ग्रुपवर हात जोडता. दोन्ही कसं चालेल?

मला काय हवंय ते साधं आहे. मध्यरात्रीनंतर तासाला एक गाडी, दोन्ही लाइनवर. आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावायची पद्धत, बर्लिनच्या क्लबमध्ये कित्येक वर्षं लावतात, इथे लावायला काय जातं? बाहेर पडायचे दोन रुंद दरवाजे आणि त्यांची खरी तपासणी. बुधवारी मुलींना फुकट, मुलांनाही परवडेल असं कव्हर. कोणाकडे असा क्लब चालवणाऱ्यांची ओळख असेल तर कमेंटमध्ये सांगा, भाची पुढच्या महिन्यात मुंबईला येतेय, मी तिला घेऊन जाणार आहे.