आपल्या दोन स्टारच्या अभिप्रायास उत्तर: एक्सएमपी (रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) बंद राहिले, ही चूक आमची

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या अभिप्रायाचा सारांश असा: गेम अडकतो म्हणून आपण संगणकाचे कॅबिनेट कांजूरमार्गहून आमच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानापर्यंत वाहून आणले, १,८०० रुपये दिले आणि आम्ही नुसती रॅम एका स्लॉटमधून काढून दुसऱ्यात बसवली. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) संख्या, ७१ वरून ७९ झाला, म्हणजे जेमतेम आठाने वाढला, आणि घरी गेल्यावर गेम पुन्हा अडकू लागला. शिवाय आम्ही आपला रॅम क्लीनर (रॅम रिकामी करणारा प्रोग्राम) न विचारता काढला, टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांवरची चित्रे) ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणले आणि रॅम ३६०० च्या वेगावर चालवून देण्यास नकार दिला. यांतली घरी गेम पुन्हा अडकल्याची तक्रार पूर्णपणे खरी आहे आणि तिचा दोष आमच्याकडे येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अभिप्रायासोबत आपण टास्क मॅनेजरचा फोटो जोडला आहे. रॅम ६० टक्के भरलेली आहे हे दाखवण्याचा आपला हेतू असावा. माझी नजर मात्र त्याच फोटोतल्या वेगाच्या आकड्यावर गेली. तिथे २१३३ दिसते आहे, आणि आमच्या दुकानातून बाहेर पडताना तो आकडा ३२०० असायला हवा होता. मी लगेच त्या दिवसाची नोंदवही काढून वेळा पाहिल्या. पावणेतीनला एक्सएमपी चालू केले, सव्वातीनला एफपीएसची मोजणी झाली आणि साडेचारला बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, नवी आवृत्ती चढवली. बायोस बदलला की त्यातली बहुतेक सेटिंग मूळ पदावर जातात, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकायचे ज्ञान आहे. तरीही त्यानंतर एक्सएमपी पुन्हा चालू करायचे राहिले आणि मोजणीही पुन्हा घेतली गेली नाही. त्या दिवशी काउंटरवर मी स्वतः होतो, त्यामुळे ही चूक कामावरच्या मुलांच्या माथी मारता येणार नाही.

स्लॉट बदलण्याला आपण ‘नुसती’ म्हणता, पण सगळ्या कामातला सर्वांत मोठा दोष तिथेच होता. आपल्या मदरबोर्डावर रॅमचे चार स्लॉट आहेत आणि ८ जीबीच्या दोन्ही पट्ट्या प्रोसेसरच्या बाजूने पहिल्या व दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या. दिसायला ते नीटनेटके होते, परंतु ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेचे) असल्यामुळे दुसरा चॅनेल रिकामा पडून होता. चार ट्रॅक असताना सगळ्या लोकल एकाच धीम्या ट्रॅकवरून सोडाव्यात, तसा तो प्रकार होता. २१३३ च्या वेगाने एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १७ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवून ३२०० वर चालवल्या, तर हीच क्षमता ५१.२ गिगाबाइट होते, म्हणजे बरोबर तिप्पट. एक्सएमपी बंद राहिल्याने आपल्याला आज सुमारे ३४ गिगाबाइटच मिळत आहेत. एक पैसाही न खर्चता मिळणारा उरलेला हिस्सा आमच्या विसरण्यामुळे अडकून पडला आहे.

मग सरासरी आठानेच का वाढली? कारण आपल्या गेममध्ये सरासरी एफपीएस ठरतो तो ४ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर, आणि ते कार्ड आम्ही बदललेले नाही. आपली तक्रार मुळात सरासरीची नव्हतीच. ‘वळणावर गाडी आचके खाते’ हे आपले शब्द जॉबशीटवर आहेत. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. सेकंदभरातल्या सत्तर फ्रेमपैकी एकीनेच १०० मिलिसेकंद खाल्ले, तर डोळ्यांना आचका जाणवतो, पण सरासरीत तो कुठेच दिसत नाही. म्हणून आम्ही सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग मोजतो. तो आपल्या संगणकावर २४ होता आणि सव्वातीनच्या मोजणीत ५२ झाला. हा आकडा पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिला होता. तो समजावून सांगायला हवा होता, हेही मान्य करतो.

बायोस बदलण्याची गरज होती का, असेही आपण विचारले आहे. गरज होती. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागत असल्याने एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरच्या अनेक संगणकांवर त्या सोयीचे प्रोसेसरमधले रूप म्हणजे एफटीपीएम चालू केले गेले, आणि काहींवर ते मदरबोर्डावरच्या बायोसच्या चिपशी मधूनच देवाणघेवाण करताना अख्खा संगणक क्षणभर थिजू लागला. एएमडीने मार्च २०२२ मध्ये ही त्रुटी जाहीरपणे मान्य केली आणि एजीसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ पासूनच्या बायोसमध्ये ती दुरुस्त केली. आपल्या बोर्डावर २०२१ चा बायोस होता, आणि आवाजासकट सगळे गोठते हे लक्षण आपणच सांगितले होते.

रॅम क्लीनर न विचारता काढला, हे चुकले. विचारले असते तरी मी काढण्याचाच सल्ला दिला असता, पण संगणक आपला आहे. असे प्रोग्राम विंडोजने पुढे लागेल म्हणून रॅममध्ये राखून ठेवलेली माहिती हुसकावून लावतात. मग गेमला तीच माहिती पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते, आणि आचका नेमका त्या वाचण्याच्या वेळी बसतो. फोटोतली ६० टक्के भरलेली रॅम हा दोष नव्हे. पेजिंग फाइलही (रॅम कमी पडल्यास डिस्कवर वापरायची जागा) कोणाचा तरी व्हिडिओ पाहून बंद केलेली होती, ती आम्ही चालू केली. गेम प्रत्यक्ष वापरतात त्यापेक्षा बरीच जास्त मेमरी आधीच मागून ठेवतात. ती मागणी रॅम आणि पेजिंग फाइल यांच्या बेरजेत बसली नाही, तर रॅम मोकळी दिसत असतानाही गेम काहीही न सांगता बंद पडतो. तसे बंद पडणे आता थांबले असेल. अभिप्रायात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून मी हा अंदाज बांधतो आहे.

टेक्स्चर ‘मीडियम’वर आणण्याचे कारण कार्डाच्या ४ जीबीत आहे. ‘अल्ट्रा’ची चित्रे तेवढ्यात मावत नाहीत, आणि जे मावत नाही ते साध्या रॅममध्ये जाऊन कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने ये-जा करते. आपल्या बोर्डावर ही वाट सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइटची आहे, तर कार्डाची स्वतःची मेमरी शंभराहून अधिक गिगाबाइट वेगाने चालते. भिंतीवरचा पोपडा जरा धूसर दिसेल, हे खरे. तरीही आपल्याला ‘अल्ट्रा’ हवे असेल तर सेटिंग खुशाल बदलावे. त्यानंतरच्या आचक्यांवर माझ्याकडे कार्ड बदलण्यावाचून उपाय नाही.

३६०० चा नकार मात्र कायम आहे. आपल्या पट्ट्यांवर ३२०० छापलेले आहे आणि आपल्या रायझन ५६०० साठी कंपनीने सांगितलेली मर्यादाही तीच आहे. त्यापुढे चालतात अशा पट्ट्या असतात, पण न चालणारी पट्टी दर वेळी संगणक बंद पडल्याचा निळा पडदा दाखवतेच असे नाही. कधी ती गुपचूप एखादी फाइल बिघडवते आणि महिन्याभराने ते कळते.

नव्या गेममध्ये पहिल्या तासाला जाणवलेले अडकणे वेगळे असू शकते. आम्ही ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यामुळे साठवलेले शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) बाद होऊन नव्याने तयार होतात, आणि तो त्रास त्याच जागी दुसऱ्यांदा बहुधा होत नाही. रात्री ऑनलाइन खेळताना शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारतो, असे आपण लिहिले आहे. तो नेटचा लॅग, म्हणजे उशीर, आहे आणि रॅमशी त्याचा संबंध नाही. वायफायऐवजी केबल लावून पाहावी.

१,८०० पैकी ८०० रुपये धूळ काढणे आणि थर्मल पेस्ट यांचे होते. ते काम पूर्ण झाले आहे. मेमरी आणि बायोसचे १,००० रुपये मी परत करत आहे. आपण पुन्हा कॅबिनेट घेऊन लोकलमध्ये चढू नये. येत्या रविवारी आमचा माणूस आपल्या घरी येईल, एक्सएमपी चालू करील, आपल्यासमोर मोजणी घेईल आणि पेनड्राइव्हवरून मेमरीची चाचणी लावून जाईल. दुकानात ती अर्धा तासच चालवली होती, पण खरी चाचणी रात्रभर चालते, तेव्हा त्या रात्री संगणक बंद करू नये. सकाळी पडद्यावर एकही चूक नोंदलेली दिसली, तर तिचा फोटो पावतीवरच्या क्रमांकावर पाठवावा. रॅमचा वेग एक पायरी खाली आणण्यासाठी त्याच माणसाला पुन्हा विनामूल्य पाठवीन.